आधी जुन्या ट्यूब बघा, मग ट्यूबलेस घ्या

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत मुलुंड ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), एलबीएस (लाल बहादूर शास्त्री) मार्गाने, आठवड्यातून चार दिवस सायकल. रविवारी येऊर किंवा आरे. डिस्क ब्रेकची हायब्रिड सायकल, ७०० बाय ३५ चे (म्हणजे ३५ मिमी रुंद) टायर, आत साधी ट्यूब, दोन्ही चाकांत ६५ पीएसआय हवा. चालवणाऱ्याचं वजन ७६ किलो. महिन्याला दोन-तीन पंक्चर. ट्यूबलेस (आत ट्यूब न ठेवता हवा थेट टायरमध्ये) करावं का, कोणता टायर घ्यावा, आणि पावसाळ्यात ते टिकेल का?

करावं. पण टायरचं नाव सगळ्यात शेवटी ठरतं. पंक्चर कशामुळे होतात, रिम ट्यूबलेससाठी बनवलेली आहे का आणि फ्रेममध्ये किती रुंद टायर मावतो, हे आधी बघायचं. या तीन गोष्टी न बघता महागडा टायर आणला तर तो आठवडाभर हवा सोडत राहतो आणि माणूस वैतागून परत ट्यूब घालतो.

महिन्याला तीन पंक्चर म्हणजे घरात पॅच मारलेल्या ट्यूब पडलेल्या असणारच. त्या काढा, हवा भरा, बादलीत बुडवा आणि भोकं कुठे आणि कशी आहेत ते नीट बघा. दोन बारीक चिरा शेजारी शेजारी, साप चावल्यासारख्या दिसत असतील, तर खड्ड्याच्या किंवा पेव्हर ब्लॉकच्या कडेवर टायर दबून ट्यूब रिममध्ये चिमटली गेली आहे. हे पंक्चर ट्यूबलेसमध्ये जवळजवळ उरतच नाही, कारण चिमटायला ट्यूबच नसते. ट्यूबच्या बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर काटा, काच किंवा तार. यातली बहुतेक भोकं सीलंट, म्हणजे ट्यूबलेस टायरमध्ये ओतलेला पातळ चिकट द्रव, बुजवतो. भोक आतल्या, म्हणजे रिमच्या बाजूला असेल तर दोष रिमच्या पट्टीचा किंवा वर आलेल्या स्पोकचा. तिथे नवा टायर काही करू शकत नाही. आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटत असेल तर हवा कमी राहून ट्यूब टायरबरोबर सरकते आहे, किंवा पंप लावताना व्हॉल्व्ह जोरात वाकवला जातो आहे.

एलबीएस मार्गावर एक गुन्हेगार खास ओळखून ठेवावा. ट्रक-बसच्या फाटलेल्या रेडियल टायरमधून सुटलेली पोलादी तार. केसाएवढी बारीक, जेमतेम सेंटिमीटरभर लांब. ती रबरात शिरते, बाहेरून दिसत नाही, आणि ट्यूब बदलली की दोन दिवसांनी नवीन ट्यूबलाही त्याच जागी टोचते. एकाच जागी पुन्हा पुन्हा पंक्चर होत असेल तर टायर उलटा करून आतून कापसाचा बोळा फिरवा. बोटाला जे लागत नाही ते कापसाच्या तंतूंना अडकतं. मग चिमट्याने ओढून काढा. मेट्रोच्या आणि इमारतींच्या कामाजवळ सळ्या बांधायच्या वायरचे तुकडे असतात, आणि भांडुप-कांजूरच्या मिठागरांच्या बाजूला वेड्या बाभळीचे काटे.

आता रिम. टायर काढून रिमच्या आतला आकार बघा. ट्यूबलेससाठी बनवलेल्या रिमला मधोमध खोल चर असते, तिच्या दोन्ही बाजूंना सपाट बैठक असते आणि त्या बैठकीच्या आतल्या कडेला एक बारीक उंचवटा असतो. टायरची कड, म्हणजे बीड, हवेच्या दाबाने हा उंचवटा ओलांडून ‘ठक्’ करून बैठकीवर जाते आणि तिथे अडकून राहते. हा उंचवटाच तुमची सुरक्षा आहे. साध्या रिमवर टेप मारून, सीलंट ओतून काम भागवणारे लोक मुंबईत आहेत, आणि ते महिनोन्महिने चालतंही. पण हवा कमी असताना वळणावर बाजूने जोर आला की कड सुटते आणि हवा एकदम भसकन जाते. पुढच्या चाकाचं असं झालं तर सायकलस्वार थेट रस्त्यावर, आणि मागून बेस्टची बस येत असते. साध्या रिमवर हा प्रयोग करू नका. यावर माझं मत ठाम आहे.

रिमवर ‘ट्यूबलेस रेडी’ असं छापलेलं असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर सायकलचं मॉडेल आणि रिमवरचं नाव घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. रिमची आतली रुंदीही मोजून ठेवा, दोन्ही भिंतींच्या मधलं अंतर. हायब्रिडमध्ये ते साधारण १७ ते २१ मिमी असतं. ३८-४० मिमीच्या टायरला १९ ते २३ चांगलं. काही नव्या रिमच्या भिंतीला टायरची कड धरणारा आतला हूकच नसतो, भिंत सरळ असते. अशा हुकलेस रिमवर त्यासाठी मान्य केलेलाच टायर चालतो आणि हवा कधीही ५ बार म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर न्यायची नसते.

रिम ट्यूबलेसची नसेल आणि सध्या चाकं बदलायची नसतील तर ट्यूबच ठेवा, पण टायर बदला. शवाल्बे मॅरेथॉन प्लससारखा, नक्षीखाली जाड संरक्षक थर असलेला टायर काटे-काचा जवळपास थांबवतो. तो जड आहे, ३५ च्या मापात एकेक टायर सुमारे ९०० ग्रॅम, आणि चालायलाही जरा मठ्ठ. पण ऑफिसला वेळेवर पोचणं हाच हेतू असेल तर हा रस्ता पूर्णपणे सन्मानाचा आहे. महिन्यातून दोनदाच सायकल निघत असेल तरीही हेच करा, कारण उभ्या चाकात सीलंट वाळून जातो आणि ट्यूबलेसचा फायदा शून्य होतो.

रिम बरोबर निघाली असं धरून पुढे जातो. टायर जितका रुंद, तितकी कमी हवा चालते, आणि खराब रस्त्यावर खरी कमाई त्या कमी हवेची आहे. पंक्चर कमी होणं हा वरचा फायदा. ६५ पीएसआयवर टायर दगडासारखा असतो. प्रत्येक खड्डा, प्रत्येक पेव्हर ब्लॉक चाकाला उचलतो, आणि उचलण्यात पायांची ताकद वाया जाते. कमी हवेचा टायर तोच खडबडीतपणा स्वतःत गिळतो आणि चाक रस्त्याला चिकटून पुढे जातं. काँक्रीटच्या रस्त्यावर आणखी एक कारण: दोन स्लॅबमधला उभा सांधा आणि गटाराच्या जाळीच्या रस्त्याला समांतर फटी. बारीक टायर त्यात अडकतो, रुंद टायर वरून निघून जातो.

किती रुंद बसेल ते ॲलन कीने (षटकोनी पान्याने) मोजा, नजरेने नको. आत्ता ३५ चा टायर बसलेला असताना मागच्या चेनस्टेच्या (पेडलपासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत जाणाऱ्या दांड्यांच्या) आतल्या बाजूला, टायरच्या सगळ्यात फुगीर भागाशी, दोन्हीकडे ८ मिमीची ॲलन की आरामात जात असेल तर ४० बसेल. ४० घेतल्यावर प्रत्येक बाजूला अडीच मिमी जातील आणि पाच-साडेपाच उरतील. ६ मिमीची जेमतेम जात असेल तर ३८ वर थांबा. पुढचा फोर्क आणि मागच्या चाकावरचा, फ्रेमचे दोन दांडे जोडणारा आडवा पूल याच पद्धतीने बघा, मडगार्ड असेल तर त्याची आतली बाजूही. पावसाळ्यात टायरला चिकटलेला चिखल आणि खडी याच फटीतून जाते. फट चार मिमीच्या खाली गेली की एखादा खडा अडकून फ्रेमचा रंगच काय, कार्बन असेल तर तंतूही खरवडतो. आणि टायरवर लिहिलेली रुंदी अंतिम नसते. रिम रुंद असेल तर तोच टायर मिमी-दीड मिमी जास्त फुगतो.

मापाच्या बाबतीत ‘७०० बाय ४०’ पेक्षा ‘४०-६२२’ हा आकडा वाचा. ६२२ हा रिमच्या बैठकीचा व्यास आहे आणि तो जुळलाच पाहिजे. २७.५ इंची चाकाचा आकडा ५८४, जुन्या २६ इंची माउंटन बाइकचा ५५९. दुकानात गडबड होते ती इथेच.

टायरच्या बगलेवर, म्हणजे नक्षी आणि कड यांच्या मधल्या बाजूवर, ट्यूबलेस असल्याची खूण शोधा. कंपनीगणिक ती वेगळी असते: शवाल्बेवर ‘टीएलई’ किंवा ‘टीएलआर’, मॅक्सिसवर ‘टीआर’, डब्ल्यूटीबीवर ‘टीसीएस’, व्हिटोरियावर ‘टीएनटी’. एकाच नावाचा टायर ट्यूबचा आणि ट्यूबलेसचा असा दोन्ही प्रकारांत येतो, आणि स्वस्त मिळाला म्हणून आणलेला बऱ्याचदा पहिल्या प्रकारातला निघतो. ट्यूबच्या टायरची कड ताणली जाऊ शकते आणि त्याची बगल हवा झिरपू देते. १९९९ साली माविक कंपनीने आणलेल्या यूएसटी पद्धतीत टायर स्वतःच हवाबंद असे. आजचे ‘ट्यूबलेस रेडी’ टायर हलके आहेत, पण सीलंटशिवाय ते हवा धरत नाहीत. म्हणून सीलंट हा नंतर करायचा खर्च समजू नका. तो टायरचाच भाग आहे.

त्यानंतर टायरमधलं कापड. टायरच्या माहितीत ६० टीपीआय, १२० टीपीआय असं लिहिलेलं असतं, म्हणजे एका इंचात किती धागे. १२० वाला मऊ, हलका आणि पळायला छान. ६० वाला जाड धाग्याचा, कणखर आणि जरा ताठ. एलबीएस मार्गावर रोज चालवायचं असेल तर ६० ची किंवा संरक्षक थर असलेली आवृत्ती घ्या. थर नुसता नक्षीखाली आहे की एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आहे, हे विचारून घ्या. मुंबईत टायर बऱ्याचदा बगलेतून जातो. खोदकामाच्या कडेला उभी राहिलेली पेव्हरची धार, दुभाजकाचा तुटका पत्रा, डांबर उखडून वर आलेली टोकदार खडी बगलेला चिरते, आणि बगलेतली चीर सीलंटला क्वचितच झेपते.

नक्षीबद्दल गैरसमज फार. ओल्या डांबरावर पकड रबर देतं, नक्षी नव्हे. सायकलचा टायर इतका अरुंद असतो की गाडीसारखा तो पाण्यावर तरंगत नाही. बटणवाला टायर डांबरावर आवाज करतो, लवकर झिजतो आणि वळताना बटणं वाकल्यामुळे चाक लटपटल्यासारखं वाटतं. मधोमध जवळजवळ सलग पट्टा, कडेला बारीक बटणं, ही नक्षी तुमच्या उपयोगाची. आरेतल्या मातीच्या वाटांना आणि येऊरच्या कडेच्या खडीला ती पुरते. आणि पांढरे पट्टे, मॅनहोलची झाकणं, मेट्रोच्या कामावर टाकलेले लोखंडी पत्रे पावसात ओले असताना कुठलीच नक्षी वाचवत नाही. तिथे हँडल सरळ ठेवायचं आणि ब्रेक दाबायचा नाही.

आता नावं. पॅनारेसर ग्रॅव्हलकिंग एसके, शवाल्बे जी-वन ऑलराउंड, कॉन्टिनेंटल टेरा स्पीड, मॅक्सिस रॅम्बलर, व्हिटोरिया टेरेनो ड्राय हे सगळे या कामाचे आहेत. तुमच्या वापराला यातला ग्रॅव्हलकिंग एसके किंवा जी-वन ऑलराउंड मी आधी बघेन, कारण दोघांची नक्षी बारीक आणि दाट आहे आणि डांबरावर ते अडून राहत नाहीत. टेरा स्पीड त्याहून हलका आणि वेगाचा, पण रोजच्या काचा-तारांपुढे नाजूक. रॅम्बलरची जाड संरक्षण असलेली आवृत्ती मिळाली तर रोजच्या मारासाठी तीही उत्तम. एवढ्यावर निवड अडत असेल तर जो टायर तुमच्या दुकानात सुटा एकेक मिळतो तो घ्या. मागचा टायर पुढच्यापेक्षा बराच आधी झिजतो, आणि तेव्हा तोच परत मिळायला हवा.

हवेचे आकडे. तुम्ही ७६, सायकल १२, बॅग-पाणी ४, एकूण ९२ किलो. ४० च्या टायरला पुढे ३२ आणि मागे ३६ पीएसआयपासून सुरुवात करा. ३८ असेल तर दोन-दोन वाढवा. मागे जास्त, कारण वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकावर असतो. मग दर दोन दिवसांनी २ पीएसआय कमी करत जा. पेव्हरच्या कडेवरून जाताना रिमचा ‘टण्’ आवाज आला किंवा वेगात वळताना टायर खालून सरकल्यासारखा वाटला, की २ ते ३ परत वाढवा आणि तो आकडा लिहून ठेवा. पावसात नेहमीपेक्षा २ कमी चालेल. टायरच्या बगलेवर लिहिलेल्या किमान आकड्याखाली मात्र जायचं नाही. यासाठी कमी दाब नीट दाखवणारा छोटा डिजिटल गेज घ्या. १६० पीएसआयपर्यंत काटा असलेल्या पंपावर ३२ आणि ३८ यांतला फरक वाचता येत नाही, आणि इथे सगळा खेळ त्या सहा पीएसआयचा आहे.

जोडणी घरी करता येते. लागणारं सामान: रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा ३-४ मिमी रुंद ट्यूबलेस टेप (२१ च्या रिमला २५), कोअर (आतला, हवा अडवणारा सुटा भाग) निघणारे दोन व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह कोअरचा पाना, सीलंट, प्लास्टिकचे टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांड्यांच्या साबणाचं पाणी आणि औषधाच्या दुकानात मिळणारी ५० मिलीची सिरिंज. तिच्या तोंडाला मत्स्यालयाच्या नळीचा बोटभर तुकडा लावला की ती व्हॉल्व्हवर चपखल बसते.

सगळ्यात जास्त वेळ टेपला द्या. जुनी पट्टी काढून रिम अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मुंबईच्या दमट हवेत घाई केली की टेपखाली ओल राहते आणि महिन्याभरात कडा सुटतात, म्हणून पंख्याखाली अर्धा तास ठेवा. व्हॉल्व्हच्या भोकाच्या ६-७ सेंटिमीटर आधी टेप सुरू करा. एका हाताने जोरात ताणत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मधल्या चरीत दाबत पूर्ण गोल फिरवा आणि भोकाच्या तेवढंच पुढे संपवा, म्हणजे भोकावर दुहेरी थर येईल. टेप दोन्हीकडे भिंतीच्या मुळाला टेकली पाहिजे. स्पोकच्या भोकांवरून बोट फिरवा. कुठे बुडबुडा किंवा सुरकुती लागली तर ती दाबून पुढे सरकवा, नाही गेली तर सरळ काढून नवीन लावा. भोक पाडायला ब्लेड वापरू नका, फुलीसारखी चीर दाबाने वाढत जाते. दाभण किंवा खिळा गॅसवर तापवून टोचा. प्लास्टिक वितळून भोकाची कड गोल आणि घट्ट होते. मग व्हॉल्व्ह बसवा आणि नट हाताने घट्ट करा, पक्कड लावू नका. रस्त्यात कधी ट्यूब घालायची वेळ आली तर हाच नट हाताने सुटायला हवा.

टायर चढवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवा. बीड सगळीकडे मधल्या चरीत ढकलत राहिलात की शेवटचा वीतभर भाग सैल मिळतो. लिव्हर लागलाच तर प्लास्टिकचा, आणि टेपला न टोचेल असा. पहिल्यांदा सीलंटशिवाय बसवून बघा. कडांना साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हचा कोअर काढा आणि पंप जोरजोरात, न थांबता मारा. कोअर नसल्यामुळे हवा भसाभस आत जाते आणि दोन्ही कडा ‘ठक् ठक्’ करत बसतात. बगलेवर कडेलगत एक बारीक रेघ असते. ती चाकभर रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे बुडालेली दिसली तर हवा सोडून तिथे साबण लावा आणि परत भरा. टायर आणि रिम यांच्यावर लिहिलेल्या कमाल दाबांपैकी जो कमी असेल, त्याच्या पुढे जायचं नाही.

साध्या पंपाने कड बसली नाही तर कोअर परत लावा आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरकडे जा. त्याचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं असतं, म्हणून प्रेस्टाचा, म्हणजे सायकलच्या बारीक व्हॉल्व्हचा, पितळी ॲडॅप्टर खिशात असू द्या. प्रेस्टाचा वरचा छोटा नट सैल करायला विसरू नका. त्याला सांगा, एकदम नको, दोन-दोन सेकंद सोड. आणि थंड पेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीत हवा कोंडून ती सोडायचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका. ती बाटली हातात फुटते.

कड बसल्यावर हवा सोडा, कोअर लावलेला असेल तर काढा आणि सिरिंजने सीलंट घाला. ४० च्या टायरला ६० मिली, आणि टायर नवा असेल तर अजून १५, कारण पहिल्या वेळी रबर थोडं पिऊन घेतं. बाटली आधी मिनिटभर खडखडून हलवा. भोक बुजवणारे कण तळाशी बसलेले असतात. न हलवता ओतलं तर चाकात नुसतं पांढरं पाणी जातं आणि शेवटच्या चाकाला तळातला गाळ. कोअर लावून हवा भरा, चाक फिरवा, मग बादलीवर आडवं ठेवून दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिनिटं राहू द्या. लगेच दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा. पहिले एक-दोन दिवस हवा उतरेल, घाबरू नका.

तिसऱ्या दिवशीही सकाळी चाकातली हवा गेलेली असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते बघा. बगलेवर सगळीकडे बारीक घाम आल्यासारखे बुडबुडे येत असतील तर सीलंट अजून भिनतो आहे, चाक फिरवत राहा. कडेपाशी एका जागी येत असतील तर तिथे मळ किंवा जुन्या टेपचा गोंद अडकला आहे. व्हॉल्व्हच्या नटाखालून किंवा स्पोकच्या निपलमधून (स्पोक रिमला धरणाऱ्या छोट्या नटातून) येत असतील तर टेप चुकली, आणि यावर जास्त सीलंट ओतणं हा उपाय नाही. लोक इथेच फसतात: हवा ज्या निपलमधून बाहेर येते तिथेच टेप फाटली आहे असं समजतात. रिम आतून पोकळ असते. हवा एका जागी टेपखाली शिरते आणि रिममधून फिरून भलत्याच निपलमधून निघते. पूर्ण टेप बदला.

सीलंटबद्दल मुंबईचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. लॅटेक्सचा सीलंट थंड हवेत चार-सहा महिने टिकतो. इथे मार्च ते मे, सायकल गॅलरीत उन्हात उभी असेल तर सहा ते आठ आठवड्यांत दाटतो. एरवी दोन-तीन महिने धरा. तपासायला व्हॉल्व्ह घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी आणून हवा सोडा, कोअर काढा, मग व्हॉल्व्ह सगळ्यात खाली आणा आणि त्यातून बारीक केबल टाय आत घाला. टोक ओलं, दुधाळ निघालं तर ठीक. कोरडं निघालं किंवा चिकट गोळा लागला तर ३० मिली भरा. कोअरच चिकटून हवा जात नसेल तर तो बदला. दोन सुटे कोअर घरात ठेवावेत. दोन कंपन्यांचे सीलंट एकत्र करू नका. पेट्रोल पंपावर मिळणारा मोटारसायकलचा जाड सीलंट तर अजिबात नको, तो जड असतो आणि बारीक व्हॉल्व्ह बुजवून टाकतो.

पावसात टिकेल का, तर हो, पण पावसात चिरा वाढतात हे धरून चाला. पाणी रबरावर वंगणासारखं काम करतं आणि कोरड्या दिवसात घसरून गेली असती ती काच अलगद आत शिरते. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा, विजेरीच्या उजेडात, चाक हळूहळू फिरवत टायर बघा आणि रुतलेले तुकडे बारीक टोकाने उकरून काढा. तुकडा काढताना फुस्स झालं तर ते भोक खाली फिरवून अर्धा मिनिट थांबा, सीलंट येऊन बसतो. गुडघाभर पाण्यातून सायकल नेली असेल तर त्या दिवशी चाक उलटं-सुलटं फिरवून, व्हॉल्व्हचं भोक खाली धरून रिममधलं पाणी निथळू द्या. आत राहिलेलं पाणी टेपचा गोंद सोडवतं आणि ॲल्युमिनियमचे निपल पांढरे पडून तुटतात. टेप-व्हॉल्व्हचं काम मे महिन्यातच उरका, दमट जुलैत टेप चिकटवायला बसू नका.

रस्त्यात भोक मोठं असेल आणि सीलंट फवारत राहिला तर रबरी प्लग लागतो. सायकलचे प्लग साधारण दीड आणि साडेतीन मिमी जाडीचे येतात. प्लग भोकात अर्धा आत, अर्धा बाहेर ठेवून प्लग घालायची सुई झटक्यात बाहेर ओढा. हवा सगळी जाण्याआधी हे करता आलं तर कड जागेवर राहते आणि छोट्या पंपाने काम भागतं. मोटारसायकलवाल्याची जाड रस्सी आणि त्याची कानशीसारखी सुई सायकलच्या पातळ टायरला वापरू देऊ नका. तीन मिमीचं भोक ती सहाचं करते. हवा भरायला मिळणारं कार्बन डायऑक्साइडचं काडतूसही शक्यतो टाळा. काही लॅटेक्स सीलंट त्या थंड वायूने दह्यासारखे फुटतात.

चीर बोटाच्या पेरापेक्षा मोठी असेल, विशेषतः बगलेत, तर प्लगवर वेळ घालवू नका. एक साधी ब्युटाइल रबराची ट्यूब सीटखाली कायम असू द्या. टीपीयूची (प्लास्टिकसारख्या पातळ पदार्थाची) ट्यूब हलकी असते खरी, पण रस्त्यावरच्या दुकानात तिला पॅच बसत नाही. चिरेच्या आतून टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा ठेवा, ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढा आणि ट्यूब घाला. पण ट्यूब घालण्याआधी टायरचा आतला भाग एकदा पूर्ण तपासा. दोन-तीन महिने चाललेल्या ट्यूबलेस टायरमध्ये सीलंटने गुपचूप बुजवलेले चार-पाच काटे आणि तारा तशाच रुतून बसलेल्या असतात. ट्यूब फुगताच त्यातला पहिला काटा तिला टोचतो, आणि जवळ दुसरी ट्यूब नसते. म्हणून प्लग आणि ट्यूबच्या पाकिटात एक छोटा चिमटा आणि कापसाचा बोळाही ठेवा.